चिकटवायचं, पण कशानं?

गोपाळपूरचा काला झाला, वारकरी मंडळी परतली, की आमच्या पंढरपुरातल्या बायका घर धुवायला काढतात. मग एकेक मोडतोड उजेडात येते. रिमोटचं झाकण निखळलेलं, घड्याळाच्या पाठीला चीर, ट्रान्झिस्टरचा कोपरा उडालेला. आठ-पंधरा दिवस घरात एवढी माणसं वावरली म्हटल्यावर हे व्हायचंच. त्यात कुणाला बोल लावायचा नाही.

यंदा मात्र आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाची तानपुऱ्याची पेटी पडली. बटण दाबलं की सूर धरणारी, विजेवर चालणारी. बायकांनी वर्गणी साठवून घेतलेली वस्तू. सूर शाबूत होता, पण बाहेरचा कोपरा तुटला आणि आत स्क्रू बसतो ती नळीही मुळातून मोडली. जिच्याकडे पेटी ठेवली होती ती घरात नवी सून. घाबरून माझ्याकडे आली. "ताई, सासूबाईंना कळायच्या आत चिकटेल का हो? फेविक्विक आणलंय."

मी म्हटलं, "सासूबाईंना तू आधी सांगून ये. आणि ती ट्यूब अजून फोडू नकोस."

मैत्रिणींनो, आपण सगळ्या इथंच घाई करतो. प्लॅस्टिक म्हणजे एकच पदार्थ नव्हे. रेडिओ, रिमोट, टेलिफोन यांची कवचं बहुधा एबीएस नावाच्या किंवा पॉलिस्टायरीन जातीच्या कडक प्लॅस्टिकची असतात. ती चांगली चिकटतात. बादल्या, डब्यांची झाकणं पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनची असतात. त्यांवर साधा कुठलाच डिंक धरत नाही, आज चिकटलं तरी उद्या सोलून येतं. कवचाच्या आतल्या बाजूला पुष्कळदा अक्षरं किंवा त्रिकोणात आकडा असतो. २, ४ किंवा ५ असेल तर ते न चिकटणाऱ्यांपैकी. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. काहीच लिहिलेलं नसेल तर तुटलेला टवका साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून सोडा. तरंगला तर नाद सोडा. बुडाला तर आशा आहे. आमचा टवका सरळ तळाला गेला.

आता डिंकाचं. पांढरा फेव्हिकॉल लाकडा-कागदासाठी. त्यातलं पाणी शोषलं जाऊन तो वाळतो आणि प्लॅस्टिक पाणी शोषत नाही, म्हणून तो इथं कामाचा नाही. नळाच्या पाइपांचं सोल्युशन पीव्हीसीसाठी असतं, तेही नको.

फेविक्विकच्या जातीचा डिंक हवेतल्या ओलाव्यानं क्षणात घट्ट होतो. दोन्ही कडा एकमेकींत नीट बसत असतील तर एक थेंब पुरतो. जास्त ओतलं म्हणजे जास्त चिकटतं असं नाही. पण तो ठिसूळ असतो. धक्का बसला, पिळलं, की सुटतो. शिवाय त्याच्या वाफेचा पांढरा थर आजूबाजूला बसतो, म्हणून वस्तू लगेच बंद करू नये, वारा लागू द्यावा. बारीक फट भरायची असेल तर तीत चिमूटभर खाण्याचा सोडा घालून वर थेंब सोडला की दगडासारखं होतं. मात्र त्या वेळी ते तापतं आणि धूर डोळ्यांना झोंबतो, तेव्हा तोंड लांब ठेवा. बोटं चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात धरा, हळूहळू सुटतात. डोळ्यात गेलं तर घरगुती उपाय नकोत, डॉक्टरच.

ज्या जागी ओढ बसते, म्हणजे स्क्रूची नळी, बिजागरी, कडी, तिथं दोन ट्यूबांचं अराल्डाइट बरं. दोन्ही सारखे घेऊन नीट कालवायचे. आधी दोन्ही कडा पॉलिश पेपरनं खरखरीत करून, पुसून कोरड्या करायच्या. तेलकट हाताच्या प्लॅस्टिकवर ते धरत नाही. मग रात्रभर हात लावायचा नाही. बायकांना हेच जड जातं, दर तासाला उचलून बघतात! आजोबांच्या काळच्या बेकेलाइटच्या रेडिओलाही हेच लावावं.

नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोननं एबीएस विरघळतं आणि दोन कडा एकजीव होतात, हे खरं आहे. पण चुकून बाहेर ओघळलं तर चकाकी जाऊन डाग कायमचा राहतो. दर्शनी भागाला मी ते लावू देणार नाही.

आमच्या पेटीचं आतलं यंत्र आधी मेकॅनिककडून काढून घेतलं. विजेच्या वस्तूत आपण हात घालू नये. मिक्सरच्या बॉडीला तडा गेला असेल तर चिकटवत बसूच नका, ती दुकानातच दाखवा. मग कोपरा बाहेरून चिकटपट्टीनं जागेवर धरला, आतून सांध्यावर आणि नळीच्या बुडाशी अराल्डाइट लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्क्रू हातानं, हलकेच आवळला. सासूबाई शेजारी बसून होत्या. "रेघ दिसतेय," एवढंच म्हणाल्या. पुढच्या वद्य एकादशीच्या भजनाला तीच पेटी लावली.

उरलेली फेविक्विकची ट्यूब तोंड पुसून, टोपण लावून, घट्ट झाकणाच्या बरणीत उभी ठेवावी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. फ्रीजमध्ये ठेवली असेल तर बाहेर काढून थोड्या वेळानं उघडा. आणि कृपा करून औषधांच्या डब्यात ठेवू नका. डोळ्यांच्या थेंबांची बाटली अंधारात अगदी तशीच लागते हाताला.