अनुभवाची अट

परिचर्याशास्त्राची चार वर्षांची पदवी पदरात पडली, परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नावही चढले. तरी मुलाखतीस गेलेल्या मुलीच्या हाती पडतो तो नकारच. कारण ठरलेले असते: अनुभव नाही. शिकता शिकताच तिने वॉर्डात पाळ्या केल्या, जखमा बांधल्या. ते श्रम अनुभवात जमा धरले जात नाहीत. पहिली नोकरी कोणी देईना, तर अनुभव यावा कोठून?

परिचारिका गरजेपेक्षा अधिक झाल्या, असेही नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका हवी. तो कितपत पाळला जातो, हे आप्ताच्या उशाशी सरकारी रुग्णालयात रात्र काढलेल्यास सांगावयास नको. २०२० च्या साथीत अशाच मुलींना कंत्राटावर पाचारण झाले. साथ ओसरताच अनेकींना निरोप मिळाला.

तेव्हा नकार हा आपल्या योग्यतेवरील शेरा आहे, असे तिने मानू नये. लहान गावातील पहिली नोकरी कमीपणाची नव्हे. मात्र ‘अनुभव मिळतो’ या सबबीखाली बिनपगारी राबणे तिने नाकारावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानुसार नेमलेल्या समितीने पन्नास खाटांपर्यंतच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेस दरमहा २०,००० रुपयांहून कमी वेतन नसावे, अशी शिफारस केलेली आहे.

धीर धरण्याचा उपदेश तिला पुष्कळ मिळतो. रुग्णालयांनी सवेतन उमेदवारीची सोय करावी आणि शासनाने रिक्त पदे भरावीत. तरच त्या उपदेशाला काही अर्थ राहील.