मातीचे बैल आणि आमचे चित्ररथ

चवथीच्या तोंडावर गोंयकार घर सोडत नाही. मुंबई-पुण्यात नोकरी करणारासुद्धा माटोळी बांधायला गावी धावत येतो. अशा दिवसांत मी कामानिमित्त सुरतेत होतो, म्हणून घरच्यांची बोलणी खाल्ली. पण वाचकहो, गेलो ते बरं झालं. श्रावणी अमावास्येला, म्हणजे पोळ्याच्या दिवशी, मी बमरोलीत एका जुन्या ओळखीच्या घरी उतरलो होतो.

बमरोली एकेकाळी शेतीचं गाव होतं. आता ते सुरत शहराच्या पोटात गेलं आहे आणि शेतांच्या जागी यंत्रमाग खडखडतात. तिथून पांडेसरा, उधना, लिंबायतपर्यंत जिकडेतिकडे खानदेशी माणूस भेटतो. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची ही माणसं तापीच्या काठाकाठाने, त्याच खोऱ्यातल्या रेल्वेने इथं आली. ती किती असतील? जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून नवसारी मतदारसंघाचे खासदार आहेत, यावरून अंदाज करा.

ज्यांच्याकडे उतरलो त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आयुष्य बारा तासांच्या पाळ्यांत गेलं, आता मुलगा मागावर जातो. घर दोन खोल्यांचं. त्या दिवशी पाटावर मातीची बैलजोडी मांडली होती. आप्पांनी तिच्या खांद्याला हळद-तूप लावलं, आजींनी ओवाळलं आणि पुरणपोळीचा घास बैलांच्या तोंडाशी धरला. नातू हसला. आप्पा हसले नाहीत.

मी विचारलं, "आप्पा, गावी बैल आहेत का हो अजून?"

"नाहीत भाऊ. इकून टाकले. म्हणून तर मातीचे मांडले. असते तर मातीचे कशाला मांडले असते?"

एवढंच बोलले. पण हे वाक्य घेऊन मी गोव्यात परतलो आणि तेव्हापासून ते मला स्वस्थ बसू देत नाही.

बैलाचा सण आपल्याकडेही आहे. दिवाळीतल्या पाडव्याला आपण गोरवांपाडवो म्हणतो. गुरं धुवायची, त्यांना फुलांच्या माळा घालायच्या, गोठ्यात शेणाचा गोवर्धन करायचा. दूर आसामात रोंगाली बिहूचा पहिला दिवस गोरू बिहू असतो. तिथं चैत्राच्या अखेरीला गुरांना उडीद-हळद लावून नदीवर धुतात, दुधी-वांगं खाऊ घालतात, नवी दावी बांधतात. आसामी, खानदेशी, गोंयकार, तिघांची भाषा वेगळी, पण म्हणणं एकच आहे. वर्षभर तू राबलास म्हणून आम्ही जेवलो. हे ऋण वर्षातून एकदा तोंडाने कबूल करायचं, यासाठी तो दिवस.

आता या दिवसांचं आपण काय केलं ते बघा. १३ एप्रिल २०२३ रोजी गुवाहाटीच्या स्टेडियममध्ये ११,००० हून अधिक नर्तक-वादकांनी एकत्र बिहू करून जागतिक विक्रम नोंदवला. त्याच वर्षी आपल्या माशेलच्या चिखलकाल्याला पर्यटन खात्याने राज्य पातळीवरचा उत्सव केलं. शिगम्याचं तर विचारूच नका! शहराशहरांतून चित्ररथ निघतात. ट्रॅक्टर-ट्रकवर थर्माकोलचा बैल, थर्माकोलचा नांगर, नऊवारी नेसून खोटी रोपं लावणाऱ्या पोरी, आणि त्यावर रोख बक्षिसं. ज्या गावाने असा शेतीचा देखावा करून बक्षीस मिळवलं, त्या गावचं शेत किती वर्षं पडीक आहे, हे कुठला परीक्षक विचारतो?

कुणी म्हणेल, आप्पांचा मातीचा बैल तरी वेगळा कसा? तोही देखावाच की! कबूल. पण आप्पा स्वतःच सांगतात की बैल गेला म्हणून हा मातीचा. त्यांच्या सणात त्या तोट्याची कबुली आहे. आपण मात्र थर्माकोलचा बैल फिरवून जगाला सांगतो की आमची कृषिसंस्कृती जिवंत आहे. आणि याच आप्पांच्या जातकुळीची माणसं इथं कामाला आली की आपण त्यांना 'भायले' म्हणून नाक मुरडतो, वर त्यांना संस्कृती नाही म्हणतो!

मी बैल परत आणा म्हणत नाही. ट्रॅक्टरने नांगरलेल्या शेतातलं भातही भातच असतं. प्रश्न शेताचा आहे. खाजनाचा बांध फुटतो, मानस नादुरुस्त होते, खारं पाणी आत शिरतं, शेत पडीक होतं. मग पडीकच आहे, विकून टाकूया, असं म्हणणारा उभा राहतो. भातशेती बिगर-शेतकऱ्याला विकण्यावर बंदी घालणारा कायदा २०२३ मध्ये आला, हे चांगलंच झालं. पण त्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम घालून जमिनीचा विभाग बदलण्याची वाटही करून दिली. त्याखालचे नियम २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले, तेही लोक कोर्टात गेले म्हणून. एका हाताने दार लावायचं आणि दुसऱ्याने खिडकी उघडायची, आणि वर म्हणायचं, सण जपा!

सण असे जपले जात नाहीत. शेत राहिलं तर सण राहतो. खरंच काही करायचं असेल तर एक साधी गोष्ट करूया. येत्या गोरवांपाडव्याला प्रत्येक गावाने देवळाच्या किंवा चर्चच्या आवारात जमून मोजदाद करावी. गावात गुरं किती उरली? किती शेतं यंदा लावली, किती पडीक राहिली, कितींत मातीचा भराव पडला? हे आकडे मोठ्याने वाचावेत आणि फळ्यावर लिहून ठेवावेत. पुढच्या वर्षी पडीक शेतांचा आकडा एकाने जरी कमी झाला, तर खुशाल ढोल-ताशे वाजवा. मी स्वतः ताशा धरीन.

आणि आकडे वाचायची लाज वाटत असेल, तर बमरोलीच्या आप्पांसारखं निदान पाटावर मातीचे बैल मांडा. नातवाने का म्हणून विचारलं, तर त्याला खरं उत्तर द्या.