पाळणा कोणी बांधला?

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' असे आपल्याकडे मोठ्या कौतुकाने म्हटले जाते. म्हणणाऱ्याचे सारे लक्ष पायांकडे असते. पाळण्याकडे कोणी पाहत नाही. कोणाचा पाळणा सागवानी असतो, तर कोणाचा म्हणजे धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेली जुन्या लुगड्याची झोळी! आई कापूस वेचीत पुढे जाते आणि मूल झोळीत झोपते. पुढे शाळेत ही दोन्ही मुले एकाच बाकावर बसतात आणि आपण एकाला हुशार व दुसऱ्याला मठ्ठ ठरवून मोकळे होतो. हा न्याय नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, पैसा म्हणजे सर्वस्व नव्हे. आईबापांना जिद्द हवी. दरवर्षी १२ जानेवारीला आपल्याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे जिजाऊंचा जन्मोत्सव साजरा होतो आणि 'प्रत्येक आईने जिजाऊ व्हावे' अशी भाषणे होतात. जिजाऊंची दृष्टी व करारीपणा यांपुढे कोण नतमस्तक होणार नाही? परंतु त्या लखुजी जाधवांच्या कन्या होत्या आणि पुत्राला घडविताना पुण्याची जहागीर पाठीशी होती, हेही ध्यानात घ्यावयास हवे. निंदणाच्या रोजावर जाणाऱ्या आईला उपदेश करणे सोपे आहे. तिला संध्याकाळचे दोन तास मोकळे कोण करून देणार?

माझ्या मते संपन्न घर मुलाला सर्वांत मोठी गोष्ट देते, ती म्हणजे चुकण्याची सवलत. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि एकोणिसाव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली. बुद्धी तिची, श्रमही तिचेच. तिचे आईवडील दोघेही डॉक्टर आहेत. अशा घरात एक खेळ जमला नाही, तर दुसरा करून पाहता येतो. उलट बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे पाहा. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. शाळेची लांबची वाट तो धावत काटायचा. पण ही धाव म्हणजे खेळ आहे, हे त्याला सैन्यात गेल्यावर उमगले! २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळविले. ज्यांना सैन्यानेही हेरले नाही, असे किती अविनाश गावोगावी राहिले असतील?

गरीब बापाला निवड करावयाची वेळ येते, तेव्हा ती एका मुलासाठी दुसऱ्याच्या वाट्यातून होते. भीमरावांना पुस्तके हवी असत, तेव्हा सुभेदार रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा दागिना गहाण ठेवीत आणि पेन्शन मिळताच सोडवून आणीत. बाबासाहेबांच्या विद्वत्तेत त्या बहिणींचाही वाटा आहे, हे आपण किती वेळा आठवतो?

हा प्रश्न माझ्या घरातलाही आहे. २०२० च्या टाळेबंदीत मी नववीत होते. शाळा मोबाइलवर आली आणि घरात मोबाइल एकच. "आधी त्याचं होऊ दे, मग तू बघ," असे बाबा म्हणत. भावाचे होईपर्यंत माझा तास संपलेला असे. बाबा दुष्ट नव्हते. सोयाबीनच्या पैशांत दुसरा मोबाइल बसत नव्हता, एवढेच. परंतु मोबाइल एक असला की तो मुलाच्याच हाती का जातो, याचे उत्तर गरिबीत सापडत नाही. गरिबी निवड करावयास लावते. कोणाला मागे ठेवायचे, हे मात्र आपणच ठरवितो.

म्हणून मला दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली पालकांना. खिशात असेल तेवढेच द्या. पण जे द्याल ते मुलगा-मुलगी पाहून वाटू नका. दुसरी गावाला. जे एका घराला पेलत नाही, ते गावाला पेलते. २०२० मध्ये लोणार सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. देशोदेशीचे अभ्यासक येथे येऊन दगड पाहतात, पाणी तपासतात, पक्षी मोजतात. आमच्या पोरांना मात्र त्यांच्या मागे दुरून पाहत उभे राहावे लागते. एखादी दुर्बीण, एखादे सूक्ष्मदर्शक गावाच्या मालकीचे का असू नये? सायंकाळी उघडे राहणारे वाचनालय, मुलींनाही निर्धास्त खेळता येईल असे मैदान, ही काही चैन नव्हे.

मित्रमैत्रिणींनो, आणखी दहा वर्षांनी आपल्यापैकी बहुतेकजण आईबाप झालेले असतील. तोवर थांबण्याचे कारण नाही. आपण पदवीपर्यंत पोहोचलो आहोत. आठवड्यातून दोन संध्याकाळी शेजारच्या चार मुलांना जवळ घेऊन बसणे आपल्याला सहज शक्य आहे. त्यासाठी जहागीर लागत नाही.