युकाच्या कुंडीतला वाफसा

आजची नोंद शेतातली नाही, ओसरीतली आहे. हसू नका, पुढं वाचा.

नव्या घराच्या वास्तुशांतीला पाहुण्यांनी युकाचं झाड दिलं होतं. मनगटाएवढं जाड खोड, वर तलवारीसारख्या पानांचा झुपका. झाड नुसत्या कोकोपीटमध्ये आलेलं. 'यात काय कस आहे' म्हणत मी ते काढून आपल्या रानातली काळीभोर माती भरली. आई रोज सकाळी तुळशीबरोबर त्यालाही तांब्याभर पाणी घालायची. चार महिन्यांत पानं पिवळी पडून लोंबायला लागली. आम्हाला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून दोन तांबे सुरू केले. एक दिवस सहज धरलं तर खोड बुडाला पिचलं. मुळ्या काळ्या आणि कुंडीत नुसता कुजका वास.

माझं स्पष्ट मत आहे की घरातल्या झाडाच्या बाबतीत शहरातल्या माणसापेक्षा आपणच जास्त चुकतो. कारण आपल्याला वाटतं, आपल्याला काय शिकवायचंय! पान मलूल दिसलं की मोटार चालू, ही सवय आपण ओसरीतही घेऊन येतो. प्रवरेच्या कालव्याखाली पाट भरभरून पाणी देऊन चांगल्या जमिनी खारवट, चोपण झालेल्या आपण डोळ्यांनी बघितल्यात. कुंडीत तेच होतं, फक्त तिथं वीस वर्षांऐवजी चार महिने लागतात.

युका मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचा. आपल्या घायपाताच्या कुळातला. आता मला सांगा, बांधावरच्या घायपाताला तांब्यानं पाणी घालताना कुणी कुणाला पाहिलंय का? जाड खोडात पाणी साठवून ठेवणारं झाड ते. त्याच्या मुळाला पाण्याइतकीच हवा लागते, म्हणजे आपल्या भाषेत वाफसा. काळी माती पाणी पिऊन फुगते, कुंडीत तिला निथळायला जागा नसते, मग वाफसा येणार कसा?

म्हणून दोन भाग चाळलेला मुरूम किंवा भरड वाळू, एक भाग पोयटा, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. कुंडीला बुडाला भोक पाहिजेच. बरेच जण तळाला खडीचा थर देतात आणि निचरा झाला समजतात. तसं होत नाही. वरची बारीक माती पार गच्च भरल्याशिवाय पाणी खालच्या खडीत उतरतच नाही. त्यापेक्षा सगळी मातीच भरड करा.

पाणी किती दिवसांनी, हे विचारू नका. काडी खुपसा. निम्म्या कुंडीपर्यंत काडी कोरडी आली तरच पाणी, आणि दिलं तर बुडातून निघेपर्यंत. खालच्या ताटलीत साचलेलं ओतून द्या. आमच्याकडं उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी पाळी येते, थंडीत महिना जातो. तुमच्याकडं वेगळं असेल, घर-कुंडी वेगळी. खालची दोन-चार जुनी पानं पिवळी होऊन गळतात तो त्याचा स्वभाव आहे, त्याला औषध शोधू नका. सगळा शेंडाच पिवळा पडला तर मात्र मुळं बघा.

आपल्या बोअरचं पाणी क्षाराचं. कुंडीच्या कडेला पांढरं पापुद्र्यासारखं येतं, पानांची टोकं करपतात. पावसाळ्यात एक-दोनदा कुंडी पावसात ठेवून क्षार धुऊन काढा. उजेड भरपूर द्या. अंधाऱ्या कोपऱ्यात पानं लांबट होऊन लोळतात. पण घरातलं झाड उचलून एकदम मे महिन्याच्या उन्हात ठेवलं तर भाजणारच. सावलीतून उन्हात हळूहळू न्या.

पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण बसतो, डाळिंब-सीताफळवाल्यांना ओळख सांगायला नको. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पुसून काढा. आणि हात जोडून सांगतो, शेतातलं औषध ओसरीत फवारू नका. तिथं लेकरं झोपतात. एका कुंडीसाठी पंप पाठीवर घ्यायची गरज नाही. आणखी एक, काही युकाची टोकं सुईसारखी असतात. लेकरांच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवू नका. कुत्र्या-मांजरानंही चघळलेलं बरं नाही.

यूट्यूबवर 'युका'चे कंद तळून खाताना दाखवतात, तो कसावा, ज्याचा साबुदाणा होतो. हे झाड वेगळं. नाहीतर कुणी कुंडी उपटून बसायचा.

आमचं झाड पूर्ण गेलं नाही. कुजलेल्याच्या वर खोड टणक होतं. तिथं धारदार कोयत्यानं तोडलं, आत पांढरं दिसेपर्यंत. कापलेली जागा सावलीत पाच दिवस सुकू दिली आणि मुरमात रोवलं. उसाच्या बेण्यासारखंच, फक्त बेण्यासारखी घाई करायची नाही आणि वरचं टोक वरच ठेवायचं. महिनाभर पाण्याला फारसा हात लावला नाही. दुसऱ्या महिन्यात ओढून पाहिलं तर धरलेलं होतं. आता त्याला बाजूनं दोन फुटवे आहेत.

आईला अजून पटलेलं नाही. पण कुंडीत काडी खोचून ठेवलीय. सकाळी ती काढून बघते, ओली असली की माझ्याकडं बघून उरलेला तांब्याही तुळशीत ओतते. तुळस जरा जास्तच पाणी पितेय सध्या, तिचं बघावं लागेल.