प्रकाशाचा धक्का, प्रोटॉनची धाव



कर्करोगावर प्रोटॉनच्या झोताने उपचार करावा, ही कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ साली मांडली. क्ष-किरण शरीरातून आरपार जातात आणि वाटेतल्या निरोगी भागालाही इजा करतात. प्रोटॉन ठराविक खोलीवर थांबतो आणि थांबता थांबता सर्वांत मोठा मारा तेथेच करतो. गाठ लहान मुलाच्या मेंदूत असली, म्हणजे या गुणाचे मोल कळते. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरची अशी सोय २०२३ साली झाली. पण प्रोटॉनला वेग देणारे आणि वळवणारे टनावारी वजनाचे चुंबक मांडायचे, तर त्यांना एक इमारतच लागते!

येथे लेसर पुढे येतो. सेकंदाच्या एक लाख-कोटीव्या भागाहूनही कमी वेळ टिकणारा झोत एका अतिपातळ पत्र्यावर मारतात. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १,८३६ पट जड. तो या धक्क्याने सहसा हलत नाही. हलके इलेक्ट्रॉन मात्र पत्र्यातून पलीकडे उसळतात. ते ऋण, प्रोटॉन धन. त्यामुळे दर मीटरला लाख कोटी व्होल्ट इतकी जबर ओढ निर्माण होते. जत्रेत नातवंडे पुढे धावली, की हात धरलेल्या आजोबांनाही पाय उचलावे लागतात, तशी प्रोटॉनची गत होते. गंमत अशी, की हे प्रोटॉन बहुधा पत्र्यावर चिकटलेल्या पाण्याच्या व तेलाच्या अंशातून आलेले असतात!

२००० साली कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर प्रयोगशाळेने या रीतीने ५८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे प्रोटॉन मिळवले. ते शरीरात जेमतेम तीन सेंटिमीटर शिरतील. २०२४ साली जर्मनीतील ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांनी १५० दशलक्षांचा पल्ला गाठला. म्हणजे सुमारे सोळा सेंटिमीटर. फार खोल गाठीला २३० दशलक्षांपर्यंत लागतात.

मग हे यंत्र उद्याच रुग्णालयात येणार काय? नाही. लेसरने निघालेले प्रोटॉन एका वेगाचे नसतात. काही जोरकस, काही दुबळे. शिवाय प्रत्येक झोत आधीच्यासारखाच उतरेल, याची खात्री नसते. रोग्याला तर औषधाप्रमाणे मात्रा मोजूनच द्यावी लागते. ड्रेस्डेनच्याच मंडळींनी २०२२ साली उंदरांच्या गाठींवर असा मोजून मारा केला, हे आशेचे चिन्ह होय. अंगी बळ येत चालले आहे. शिस्त मात्र अजून यायची आहे. ती आली, तर आज मोजक्याच शहरांत मिळणारा हा उपचार लहान गावच्या मुलापर्यंतही पोहोचू शकेल.