टाळ्या कोणासाठी?

फुटबॉल म्हटले की पायाने खेळायचा खेळ आपल्या डोळ्यांपुढे येतो. अमेरिकन फुटबॉल मात्र वेगळा आहे. त्याचा चेंडू लांबट असतो. तो हातात घेऊन पळतात किंवा पुढे फेकतात. मैदानात प्रत्येक संघाचे ११ खेळाडू असतात. चेंडू ज्यांच्याकडे असतो ते आक्रमण करतात आणि समोरचा संघ त्यांना अडवतो.

तेथील व्यावसायिक संघ 'नॅशनल फुटबॉल लीग'मध्ये खेळतात. 'असोसिएटेड प्रेस' ही वृत्तसंस्था १९७२ पासून प्रत्येक हंगामातील सर्वोत्तम आक्रमक खेळाडूचा गौरव करते. २०२४ च्या हंगामात हा मान फिलाडेल्फियाच्या 'ईगल्स' संघातील सेक्वॉन बार्कली याला मिळाला. चेंडू घेऊन तो त्या हंगामात २००५ यार्ड, म्हणजे सुमारे १८३३ मीटर धावला. त्याचे कौतुक योग्यच आहे.

पण त्याला वाट कोणी करून दिली? आक्रमणात पाच धिप्पाड खेळाडू अगदी पुढे उभे असतात. चेंडू घेऊन पळणे हे त्यांचे काम नव्हे. समोरून येणाऱ्यांना ते अंगावर घेतात आणि आपल्या साथीदारासाठी फट पाडतात. बार्कलीच्या पुढे असाच एक खेळाडू होता, जॉर्डन मायलाटा. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा, रग्बी खेळणारा. २०१८ मध्ये ईगल्सने त्याला निवडले, तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. सारे काही त्याने पहिल्यापासून शिकून घेतले.

आता विचार करा. १९७२ ते २०२४ या काळात या पुढच्या फळीतील एकाही खेळाडूला हा पुरस्कार मिळाला नाही! २०२५ मध्ये लीगने त्यांच्यासाठी वेगळा पुरस्कार जाहीर केला. ही चांगली गोष्ट आहे. पण माझ्या मते तेवढे पुरेसे नाही. तेही आक्रमणच करतात. मग मोठ्या पुरस्कारासाठी त्यांचा विचार का होऊ नये?

कोणी म्हणेल, "धावलेले अंतर मोजता येते. अडवणे कसे मोजणार?" प्रश्न बरोबर आहे. पण जे मोजता येत नाही, ते कमी मोलाचे असते का? उंच मिनार दुरूनही दिसतो. त्याचा पाया जमिनीखाली असतो, म्हणून कोणी त्याला कमी लेखत नाही. निवड करणाऱ्यांनी केवळ आकडे वाचू नयेत, खेळही नीट पाहावा.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही असे होत असेल. नाटकातील राजाला बक्षीस मिळते. पडद्यामागून संवादांची आठवण करून देणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. पुढच्या वेळी राजासाठी टाळ्या जरूर वाजवा. मात्र पडद्यामागे कोण उभे होते, तेही विचारा आणि त्याच्यासाठीही टाळ्या वाजवा.