आयुर्विमा : आधी संरक्षण, मग बचत

पेरणीपूर्वी आपण जमिनीचा मगदूर पाहतो, पाण्याचा हिशेब करतो आणि मगच वाण निवडतो. आयुर्विमा उतरविताना मात्र हा विवेक पुष्कळदा राहत नाही. "शेवटी परत किती मिळणार?" एवढेच विचारले जाते आणि "उद्या मी नसलो तर घरच्यांचे कसे होईल?" हा मुख्य प्रश्न मागे पडतो.

आयुर्विम्याचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. मुदत विमा ठराविक काळापुरता असतो. त्या काळात विमेदाराचा मृत्यू झाल्यास वारसांना ठरलेली रक्कम मिळते. तो हयात राहिल्यास सामान्यतः काहीच मिळत नाही. म्हणून त्याचा हप्ता अल्प असतो. आजीवन विम्यात संरक्षणाबरोबर बचतही असते. टपाल खात्याच्या ग्रामीण विम्यातील 'ग्राम सुरक्षा' योजनेत विमेदारास वयाच्या ८० व्या वर्षी, अथवा तत्पूर्वी मृत्यू झाल्यास वारसांस, रक्कम मिळते. अशा विम्याचा हप्ता तेवढ्याच संरक्षणासाठी पुष्कळ अधिक पडतो.

आमच्या मते जालना जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याने प्रथम मुदत विमाच घ्यावा. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील मोसंबीच्या कित्येक बागा पाण्याअभावी वाळल्या. वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे तोडावी लागली. मोठ्या हप्त्याचा विमाही बागेसारखाच दरवर्षी पाणी मागतो. अवर्षणात हप्ता चुकला व सवलतीचे दिवस उलटले की विमा खंडित होतो. सुरुवातीच्या वर्षांत तो सोडल्यास भरलेला पैसाही पुरता हाती येत नाही. म्हणजे डोक्यावर कर्ज असते, नेमके तेव्हाच घर उघडे पडते.

"मुदत विम्याचे पैसे फुकट जातात," अशी तक्रार ऐकू येते. परंतु चोरी झाली नाही म्हणून राखणदाराची मजुरी आपण परत मागतो काय? ज्यांना खात्रीचे पाणी आहे, दुग्धव्यवसाय किंवा रेशीम यांचे नियमित उत्पन्न आहे व कर्ज नाही, त्यांनी आजीवन विमा अवश्य घ्यावा. दुष्काळी सालीही झेपेल तेवढाच हप्ता मात्र ठरवावा.

२०१५ साली सुरू झालेली प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना मुदत विम्याचीच आहे. १८ ते ५० वर्षे वयाच्या खातेदारास तीत सहभागी होता येते आणि वयाच्या ५५ व्या वर्षापर्यंत संरक्षण मिळते. वर्षाला ४३६ रुपयांत २ लाख रुपयांचा विमा मिळतो. ज्याच्यावर मोठे कर्ज आहे किंवा ज्याची मुले लहान आहेत, त्याला एवढी रक्कम पुरणार नाही. त्याने देणे व घरखर्च यांचा हिशेब करून अधिक रकमेचा मुदत विमा घ्यावा.

या योजनेचा हप्ता मे अखेरीस बँकेच्या खात्यातून वळता होतो. त्याच सुमारास बियाणे-खतांसाठी खाती रिकामी होतात! म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्व बैठकीत बियाण्याच्या उगवणशक्तीबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : हप्त्यापुरते पैसे खात्यात आहेत काय? वारसाचे नाव नोंदविले आहे काय? आणि विम्याचे कागद कोठे ठेवले आहेत, हे घरधनिणीस ठाऊक आहे काय? विम्याचा उपयोग अखेर तिलाच व्हावयाचा आहे.